अडीचकीच्या पलीकडे : जड तेलातले पाणी आणि सूत्रांची हद्द

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ असे. भौतिकशास्त्रातही एक अडीचकी आहे. १९११ सालापासून ती पुस्तकांत आहे आणि पिढ्यान्पिढ्या पाठ केली जात आहे. एखाद्या द्रवात बारीक, कठीण गोळ्या मिसळल्या, तर मिश्रणाची श्यानता किती वाढते, याचे उत्तर ती देते. गोळ्यांनी मिश्रणाच्या घनफळाचा जो अंश व्यापला असेल, त्याची अडीचपट करायची आणि ती एकात मिळवायची. गोळ्या दोन टक्के असतील तर श्यानता पाच टक्क्यांनी वाढेल. इतके हे सोपे आहे.

या सोपेपणाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती या सूत्राच्या, आणि त्यातून पुढे निघालेल्या सूत्रांच्या, हद्दीबाहेरील वापराविषयी. जमिनीतून जड खनिज तेल काढणाऱ्या उद्योगात हा वापर नित्याचा झाला आहे. तेथील उदाहरण घेऊन या सूत्रांची थोडी परखड तपासणी करावी, असा विचार आहे. विषय तेलाचा असला तरी मुद्दा फळ्यावर सूत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाशी संबंधित आहे.

तेलात पाणी येते कोठून?

जड तेल म्हणजे दाट, काळे, सहजी न वाहणारे तेल. पाण्याची श्यानता २० अंश सेल्सियसला सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अथाबास्काच्या वाळूत जे बिट्युमेन आहे, त्याची श्यानता जमिनीखालच्या थंड तापमानाला दहा लाखांच्या घरात जाते. तेच बिट्युमेन २०० अंशांपर्यंत तापवले, तर ही संख्या दहाच्या आसपास येते. म्हणून तेथे दोन आडव्या विहिरी एकीखाली एक खोदतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि पातळ झालेले तेल गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत उतरते. रॉजर बटलर या अभियंत्याने ही पद्धत मांडली आणि १९८७ पासून तिच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. आपल्याकडे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील बालोल आणि सांथाल ही जड तेलाची क्षेत्रे आहेत. तेथे जमिनीखालीच तेलाचा थोडा भाग जाळून उरलेले तेल पातळ करण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरली गेली.

पद्धत कोणतीही असो, तेलाबरोबर पाणी येतेच. ते वाफेचे असेल, नाहीतर खडकातले. हे दोन द्रव पंपातून, अरुंद झडपांतून जाताना जोराने घुसळले जातात आणि पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब तेलात अडकतात. यालाच पायस म्हणतात. प्रयोगशाळेत आपण सर्रास इमल्शन म्हणतो. शुद्ध तेल आणि शुद्ध पाणी यांचे पायस काही वेळात फुटते. पण जड तेलात अ‍ॅस्फाल्टीन आणि रेझीन नावाचे मोठे रेणू असतात. ते थेंबांच्या पृष्ठभागावर जमून एक प्रकारची कातडी तयार करतात. मातीचे बारीक कणही तिला बळकटी देतात. मग दोन थेंब एकमेकांना भिडले तरी एकत्र होत नाहीत आणि पायस आठवडेच्या आठवडे टिकते.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पाणी तेलापेक्षा कितीतरी पातळ, तरीही ते तेलात मिसळल्यावर मिश्रण तेलापेक्षा दाट होते. कारण वाहण्याचे काम बाहेरचा द्रव करतो आणि थेंब त्याच्या वाटेत अडथळे बनून बसतात. पाइपमधील प्रवाह संथ आणि थरांचा असेल, तर ठरावीक वेगाने द्रव ढकलण्यासाठी लागणारा दाब श्यानतेच्या सम प्रमाणात वाढतो. श्यानतेचा अंदाज पाचपट चुकला तर दाबाचाही पाचपट चुकतो. पंप अपुरा पडतो, किंवा बंद पडलेली पाइपलाइन पुन्हा सुरूच होत नाही. उलट बाजूने चूक झाली, तर गरज नसताना मोठे पंप बसवले जातात आणि नको तितके इंधन जाळून तेल तापवले जाते. म्हणून श्यानतेचे भाकीत हवे आणि म्हणून सूत्रे हवीत.

एका चुकीची गोष्ट

आता अडीचकीकडे येऊ. ती आइनस्टाइनची. त्याच्या प्रबंधातील हे काम १९०६ साली प्रसिद्ध झाले, पण त्यात अडीच हा आकडा नव्हता. तेथे होता एक. म्हणजे गोळ्या दोन टक्के, तर श्यानतावाढही दोनच टक्के. पुढे पॅरिसमध्ये झां पेरँ यांचा विद्यार्थी बाँसलँ याने सूक्ष्म कणांची मिश्रणे घेऊन मोजमाप केले. त्याला एकच्या ऐवजी ३.९ च्या आसपास आकडा मिळाला. आइनस्टाइनने प्रयोगाला दोष देण्याची घाई केली नाही. आपले गणित आपण पुन्हा पाहिले, तरी त्याला चूक सापडली नाही. तेव्हा त्याने ते लुडविग हॉप्फ या सहकाऱ्याला तपासायला दिले. हॉप्फला चूक सापडली आणि १९११ साली एकच्या जागी अडीच आले. बाँसलँचा सुधारलेला आकडा २.९ होता, म्हणजे सिद्धांत आणि प्रयोग पुष्कळ जवळ आले. याच दुरुस्तीमुळे आइनस्टाइनने काढलेली अ‍ॅव्होगाड्रो संख्या ४.१५ वरून ६.५६ गुणिले दहाचा तेविसावा घात, अशी बदलली. आजची ६.०२ ही किंमत यापासून फार दूर नाही.

ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. आइनस्टाइनचीही चूक होते, एवढाच तिचा अर्थ नाही. मोजमाप आणि गणित यांत भांडण लागले तेव्हा त्याने मोजमापाला मान दिला, हे महत्त्वाचे.

पण अडीच हा आकडा कोणत्या अटींवर मिळाला? कण कठीण हवेत. ते गोल हवेत. ते इतके विरळ हवेत की एकाच्या हालचालीचा दुसऱ्याला पत्ता लागू नये. द्रव कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला हवा. जड तेलातील पायस घ्या. तेथे कठीण गोळ्यांच्या जागी पाण्याचे थेंब आहेत आणि ते विरळ नसून तीस, चाळीस, पन्नास टक्के आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या अटीचा तर येथे सरळ भंग होतो.

एक, अडीच आणि थेंबाची कातडी

पहिल्या अटीचा प्रश्न केंब्रिजच्या जी. आय. टेलरने १९३२ साली हाताळला. थेंब जर द्रवाचाच असेल, तर बाहेरच्या प्रवाहाच्या ओढीने त्याच्या आतले द्रवही फिरू लागते. मग अडथळा कमी होतो. किती कमी, हे आतल्या आणि बाहेरच्या द्रवांच्या श्यानतांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आतला द्रव बाहेरच्यापेक्षा अतिशय दाट असेल तर आकडा अडीचच राहतो. आतला द्रव अतिशय पातळ असेल तर तो उतरत उतरत एकवर येतो. जड तेलातील पाण्याचा थेंब हे दुसऱ्या टोकाचे उत्तम उदाहरण. म्हणजे येथे टेलरप्रमाणे एक हाच आकडा हवा. आइनस्टाइनच्या चुकीच्या गणितातला एक येथे योग्य ठरावा, हा निव्वळ योगायोग. पण मजेशीर योगायोग.

मग अडीचकी येथे बाद झाली का? तसेही नाही. अ‍ॅस्फाल्टीनची कातडी आठवा. ती थेंबाच्या पृष्ठभागाला जखडून ठेवते, आतले पाणी फिरू शकत नाही आणि थेंब कठीण गोळीसारखा वागू लागतो. आकडा पुन्हा अडीचकडे सरकतो. तो एक आणि अडीच यांच्यामध्ये कोठे थांबेल, हे कातडी किती जून झाली आहे, तेल कोणत्या विहिरीचे आहे, पाण्यात क्षार किती आहेत, यांवर ठरते. यांपैकी एकही गोष्ट सूत्रात नाही. सूत्राला फक्त एकच विचारता येते : पाणी किती टक्के?

सरळव्याज आणि चक्रवाढ

विरळपणाच्या अटीवर पुढच्या संशोधकांनी उपाय शोधले. आइनस्टाइनचे सूत्र म्हणजे सरळव्याज. पाणी दुप्पट केले की वाढही दुप्पट. पण थेंबांची गर्दी झाली की नवा थेंब शुद्ध तेलात पडत नाही; तो आधीच दाट झालेल्या मिश्रणात पडतो. म्हणजे व्याज चक्रवाढीने लागायला हवे. रिचर्डसनने १९३३ साली घातांकी सूत्र सुचवले. ब्रिंकमनने १९५२ साली थोडे थोडे कण मिसळत गेल्याची कल्पना करून दुसरे सूत्र काढले. १९५९ साली क्रीगर आणि डोहर्टी यांनी आणखी एक गोष्ट आणली. गोल कण अस्ताव्यस्त रचले तर सुमारे ६४ टक्के जागा भरल्यावर हलायलाच वाव उरत नाही. म्हणून त्या मर्यादेपाशी श्यानता अनंताकडे जायला हवी.

आता ही सूत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहू. पाणी २ टक्के असताना आइनस्टाइन आणि ब्रिंकमन दोघेही म्हणतात, श्यानता १.०५ पट होईल. येथे भांडण नाही. पाणी ३० टक्के केले की आइनस्टाइन १.७५ म्हणतो, ब्रिंकमन २.४ आणि क्रीगर-डोहर्टी २.७५. पाणी ५० टक्के झाले की आइनस्टाइन २.२५ पट म्हणतो, ब्रिंकमन ५.७ पट, क्रीगर-डोहर्टी ११.४ पट. टेलरचे विरळ मिश्रणाचे सूत्र तसेच ताणले तर १.५ पट. एकच पायस, एकच टक्केवारी आणि उत्तरे दीडपासून साडेअकरापर्यंत! ज्या टक्केवारीला उद्योगाला उत्तराची गरज आहे, नेमकी तेथेच सूत्रांची तोंडे चार दिशांना आहेत.

आणि ६४ टक्क्यांची मर्यादाही खरी ठरत नाही. थेंब लहान-मोठे असतात, लहान थेंब मोठ्यांच्या फटीत बसतात. शिवाय थेंब दाबाने चेपतात. त्यामुळे सत्तर टक्क्यांवर पाणी असलेली पायसेही आढळतात. सूत्राप्रमाणे ती अस्तित्वातच नसायला हवीत.

भाकीत की आठवण?

यावर नेहमीचे उत्तर असे, की सूत्रात एक-दोन स्थिरांक मोकळे ठेवा आणि प्रयोगाच्या आकड्यांवरून ते ठरवा. रिचर्डसनच्या सूत्रात असा एक स्थिरांक आहेच. रोनिंगसेनने १९९५ साली उत्तर समुद्रातील तेलांच्या मोजमापांवरून तापमान आणि पाण्याचे प्रमाण यांना जोडणारे चार स्थिरांकांचे सूत्र दिले. आपले सूत्र कोणत्या तेलांवर बसवले आहे, हे त्याने शीर्षकातच सांगितले आहे. त्याचा दोष काहीच नाही. पण तेच सूत्र दुसऱ्या खंडातील, दुसऱ्या जातीच्या जड तेलाला लावले, तर ते भाकीत उरत नाही. ती एका समुद्राची आठवण असते आणि ती आपण दुसऱ्या प्रदेशावर लादत असतो.

अशा सूत्रांच्या समर्थनार्थ एक आलेख दाखवला जातो. आडव्या अक्षावर मोजलेली श्यानता, उभ्या अक्षावर सूत्राने दिलेली, आणि सगळे ठिपके कर्णरेषेला बिलगलेले. पाहणाऱ्याचे समाधान होते. पण अक्ष नीट पाहावेत. बहुधा ते लॉगरिथमचे असतात. दहापासून एक लाखापर्यंतची श्यानता अशा कागदावर मांडली, तर दुपटीची चूक ही आलेखाच्या उंचीच्या तेराव्या हिश्श्याइतकीच दिसते. डोळ्यांना ती किरकोळ वाटते, पंपाला मात्र नाही. आज यंत्रशिक्षणाचे कार्यक्रम हेच काम शेकडो स्थिरांकांनी करतात. त्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा : ज्या तेलाचे आकडे तुम्हाला कधी दाखवलेच नव्हते, त्याबद्दल काय सांगता?

माझ्या स्वतःच्या फजितीतून मी हे शिकलो. काही वर्षांपूर्वी एका विहिरीचे नमुने आमच्याकडे मोजायला आले. बाटलीवर पाण्याची टक्केवारी लिहिलेली होती. मी सूत्रात ती टक्केवारी घातली आणि अपेक्षित उत्तर कागदावर लिहून ठेवले. मोजमाप त्याच्या जवळपासही आले नाही. मी उपकरण तपासले, तापमान तपासले. मग बाटली उजेडात धरली तेव्हा तळाशी पाण्याचा स्वच्छ थर दिसला. लिहिलेली टक्केवारी एकूण पाण्याची होती. थेंब होऊन तेलात अडकलेले पाणी त्याहून पुष्कळ कमी होते. बाटली जोरजोराने हलवली तर तो थर नाहीसा झाला आणि श्यानता एकदम वाढली. हलवल्याने थेंब इतके बारीक झाले होते की विहिरीतले मूळ पायस आता राहिलेच नव्हते. न हलवता मोजले तरी चूक, हलवून मोजले तरी चूक. त्या दिवशी मला कळले की सूत्रातील टक्केवारी हे अक्षर जितके निरागस दिसते तितके ते नाही.

उलटे पायस

सूत्रांचा सर्वांत मोठा अडाणीपणा पुढेच आहे. पाणी वाढत गेले की श्यानता चढत जाते, हे ती सगळी सांगतात. पण एका टप्प्यावर पायस उलटते. थेंब म्हणून आत असलेले पाणी बाहेर येते आणि तेलाचेच थेंब होतात. आता वाहण्याचे काम पाणी करते आणि श्यानता धाडकन कोसळते. हा टप्पा प्रत्येक तेलाचा वेगळा असतो.

आपल्या घरात हे रोज घडत असे. सायीच्या दह्यात पाणी बाहेर आणि स्निग्धांशाचे थेंब आत असतात. रवीने घुसळता घुसळता एका क्षणी लोणी येते. त्यात स्निग्धांश बाहेर आणि पाण्याचे थेंब आत. घटक तेच, पण एक ओतता येते आणि दुसरे बोटावर घ्यावे लागते. व्हेनेझुएलाने याच तत्त्वाचा उलट उपयोग केला. ओरिनोको खोऱ्यातील अतिदाट बिट्युमेन सुमारे ७० टक्के आणि पाणी ३० टक्के घेऊन, पाणी बाहेर राहील असे पायस त्यांनी बनवले आणि ओरिमल्शन या नावाने वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकले. पुढे २००० च्या दशकात हे उत्पादन थांबले. पण ७० टक्के बिट्युमेन असूनही ते नळातून वाहत होते, हे विसरता येत नाही. दोन द्रवांपैकी बाहेर कोण आहे, हे टक्केवारीवरून कळत नाही. सूत्र मात्र ते आधीच ठरवून बसलेले असते.

आणखी एक गोष्ट. दाट पायसाची श्यानता हा एक आकडाच नसतो. वेगाने ढवळले तर ते पातळ वागते, संथ ढवळले तर दाट. वाहत्या पाइपमध्ये मोजलेला आकडा घेऊन थांबलेली पाइपलाइन सुरू करायला गेलो, तर फसगत ठरलेलीच.

मग सूत्रे फेकून द्यावीत का?

मुळीच नाही. सूत्र नसते तर कोणती गोष्ट मोजायची, हेही आपल्याला कळले नसते. टेलरमुळे कातडीकडे लक्ष गेले, क्रीगर-डोहर्टीमुळे गर्दीकडे. चांगल्या सूत्राचा एक नमुनाही सांगतो. पाल आणि ऱ्होड्स यांनी १९८९ साली दिलेले सूत्र वापरणाऱ्याला आधीच एक मोजमाप करायला लावते. तुमच्या पायसाची श्यानता बाहेरच्या द्रवाच्या शंभरपट होते ती टक्केवारी कोणती, एवढे प्रयोगाने काढा. मग बाकीचा वक्र मी देतो, असे ते म्हणते. तेही पायस कधी उलटेल हे सांगत नाही. पण ते निसर्गाला एक प्रश्न विचारल्याशिवाय बोलत नाही आणि हा नम्रपणा मला मोलाचा वाटतो.

माझा आक्षेप आहे तो अटींपासून तोडलेल्या सूत्राला, आणि ही तोडातोड वर्गातच सुरू होते. ओहमचा नियम सांगताना तापमान स्थिर असल्याचे आपण घाईने उरकतो. लंबकाचा आवर्तकाल सांगताना लहान कोन विसरतो. परीक्षेत अटींना गुण नसतात. मग विद्यार्थी अटी कशाला लक्षात ठेवील? तोच विद्यार्थी पुढे अभियंता होतो आणि पन्नास टक्के पाण्याला अडीचकी लावतो.

शिक्षकांना एक छोटा प्रयोग सुचवतो. काचेची एक रुंद बरणी सारख्या आकाराच्या गोट्यांनी काठोकाठ भरा. मोजपात्राने तीत पाणी ओता आणि किती मावले ते लिहा. बरणी रिकामी करून ती नुसत्या पाण्याने भरायला किती लागते तेही मोजा. दोन्हींवरून गोट्यांनी किती टक्के जागा व्यापली ते काढा. साठीच्या आसपास उत्तर येईल. मग बरणी ठोकून ठोकून पुन्हा भरा, अरुंद बरणी घ्या, लहान-मोठ्या गोट्या एकत्र करा. प्रत्येक वेळी आकडा थोडा बदलेल. प्रत्येक आकड्याशेजारी तो कसा मिळाला हे विद्यार्थ्यांकडून एका ओळीत लिहून घ्या : बरणी कोणती, ठोकली की नाही, गोट्या कशा. आणि गुण द्यायचे झाले, तर त्यातले निम्मे या ओळीला द्या.